शिक्षासुधारणा व कारागृहबचतीची पुनर्गुंतवणूक

गुन्हेगारास दिल्या जाणाऱ्या कारावासाची मुदत कमी करणे किंवा त्याऐवजी अन्य दंडोपाय योजणे, आणि त्यायोगे वाचलेला कारागृहखर्च ज्या वस्त्यांतून कैदी येतात त्यांच्याच सुरक्षिततेसाठी वापरणे, अशी ही दोन अंगांची कल्पना होय. दुसऱ्या अंगास स्वतंत्र नाव मिळाले ते २००३ च्या सुमारास अमेरिकेत. टेक्सस राज्याने २००७ मध्ये नव्या कारागृहांच्या उभारणीचा बेत बाजूस ठेवून सु. २४ कोटी डॉलर व्यसनोपचार व पर्यायी शिक्षायोजनांकडे वळविले, हे त्याचे ठळक उदाहरण. महाराष्ट्रात यांपैकी पहिले अंग चांगले जुने आहे. दुसऱ्याची वाट मात्र हिशेबाच्या वहीपाशी अडलेली दिसते.

ब्रिटिश अमदानीत कारागृहांचा कारभार १८९४ च्या कारागृह अधिनियमाने चाले. कैद्याची सुधारणा हे कारावासाचे एक उद्दिष्ट असावे, ही भूमिका १९१९-२० च्या भारतीय कारागृह समितीने स्पष्टपणे मांडली. मुंबई प्रांताने १९३८ मध्ये परिवीक्षेचा स्वतंत्र कायदा करून त्या दिशेने पाऊल टाकले. परंतु परभणी जिल्हा त्या वेळी हैदराबाद संस्थानात असल्यामुळे या सुधारणांच्या कक्षेबाहेर होता. भारतीय दंडसंहिता येथे लागू झाली ती १ एप्रिल १९५१ रोजी. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्यानंतरच परभणीचा इतिहास मुंबईच्या कारागृह-प्रशासनाशी जोडला गेला.

महाराष्ट्रातील खुल्या कारागृहाचे मूळ मात्र मुंबई प्रांताच्या कायद्यात नसून औंध या लहानशा संस्थानात आहे. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये प्रजेस स्वराज्याची घटना दिली. त्याच काळात मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने आटपाडीजवळच्या (आता सांगली जिल्हा) कोरडवाहू जमिनीवर कैद्यांची ‘स्वतंत्रपूर’ ही वसाहत वसविण्यात आली. भिंत नाही, गज नाहीत. कैद्याने शेती करावी आणि कुटुंबासह राहावे, अशी तेथील रीत. शिक्षा म्हणून स्वातंत्र्य काढून घ्यावयाचे, पण माणसाचा कामाशी व घराशी असलेला संबंध तोडावयाचा नाही, हा विचार त्या काळी धाडसाचाच म्हटला पाहिजे. व्ही. शांताराम यांच्या दो आँखें बारह हाथ (१९५७) या चित्रपटाची प्रेरणा हीच वसाहत होय. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच परिसरातील. चित्रपटातील जेलर अखेरीस मृत्यू पावतो. प्रत्यक्षातील वसाहत मात्र संस्थान विलीन झाल्यानंतरही टिकली.

स्वातंत्र्योत्तर काळात उत्तर प्रदेशाने १९५२ मध्ये चंद्रप्रभा नदीवरील धरणाच्या कामासाठी कैद्यांची खुली छावणी उभारली. महाराष्ट्रात येरवड्यापाठोपाठ १९६८ मध्ये पैठण येथे खुले कारागृह सुरू झाले आणि १९७१ मध्ये अशा कारागृहांचे नियम करण्यात आले. शिक्षेचा काही भाग बंदिस्त कारागृहात चांगल्या वर्तणुकीने काढलेल्या कैद्यांचीच येथे निवड होते व त्यांना शिक्षेत जादा सूट मिळते. कैदी लवकर सुटतो, म्हणून खर्च कमी. पहारा मोजका, म्हणूनही कमी. शिवाय शेतीचे उत्पन्न. बचत अशी तिहेरी आहे.

ही बचत जाते कोठे, हा प्रश्न परभणीसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारागृह हा राज्यसूचीतील विषय असून राज्याचे सर्व महसुली उत्पन्न संविधानाच्या २६६ व्या अनुच्छेदानुसार राज्याच्या संचित निधीत जमा होते. पैठणच्या जायकवाडी जलाशयातील पाणी डाव्या कालव्याने परभणी जिल्ह्यापर्यंत येते. पैठणच्या खुल्या कारागृहात वाचलेला पैसा परत येण्यासाठी तसा कालवा नाही.

न्यायालयीन शिक्षेच्या बाबतीत खरी सुधारणा १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाने केली. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर अपराध्यास जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत देखरेखीखाली सोडण्याची तरतूद त्यात आहे. एकवीस वर्षांखालील अपराध्यास, गुन्हा जन्मठेपेस पात्र नसल्यास, सबळ कारणे नोंदविल्याशिवाय कारावास देता येत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने परिवीक्षेचा लाभ नाकारताना कारणे देण्याचे बंधन न्यायालयांवर घातले. तरीही व्यवहारात परिवीक्षेचा वापर बेताचाच राहिला. याचे एक कारण प्रशासकीय रचनेत शोधावे लागते. महाराष्ट्रात परिवीक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागाचा, तर कारागृहे गृह विभागाकडे. अधिकाऱ्याने एक तरुण तुरुंगापासून वाचविला, तर खर्च एका विभागाचा व बचत दुसऱ्याची होते. अधिक अधिकारी नेमण्याची निकड मग कोणालाच भासत नाही.

शिक्षासुधारणेची एक मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते, त्यांपैकी सु. ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे शिक्षा न झालेले. शिक्षा कमी केल्याने त्यांची संख्या घटत नाही. २००५ च्या दुरुस्तीने कमाल शिक्षेच्या निम्मी मुदत तुरुंगात काढलेल्या कच्च्या कैद्यांना सोडण्याची तरतूद झाली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने प्रथम अपराध्यांसाठी ती एक तृतीयांशावर आणली. कोठडीचा प्रश्न केवळ पैशाचा नाही, याची आठवण परभणीनेच करून दिली. १५ डिसेंबर २०२४ रोजी येथे अटकेनंतर न्यायालयीन कोठडीत असलेल्या एका तरुण विधी-विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या मृत्यूबाबत गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला व सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

स्थानिक सुरक्षिततेत शासनाचा पैसा थेट गावाच्या हाती देण्याचा प्रयोग राज्यात झाला, तो महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेच्या रूपाने. १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या या मोहिमेत गावच्या समितीने बांधावरचे, भाऊबंदकीचे व किरकोळ फौजदारी तंटे सामोपचाराने मिटवावेत आणि त्याबद्दल ग्रामपंचायतीस लोकसंख्येनुसार रोख पुरस्कार मिळावा, अशी योजना होती. समितीवर गावातील प्रबळांचेच वजन पडण्याचा धोका होता. दुर्बलाचा तंटा मिटविणे आणि तो दाबून टाकणे यांतील सीमारेषा पुसट असते. तथापि तंटा टळला तर पैसा गावास, हे सूत्र पुनर्गुंतवणुकीच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाते. हा निधी मात्र कारागृहांच्या बचतीतून आलेला नव्हता.

भारतीय न्याय संहितेने (२०२३) किरकोळ चोरी, मद्यपी अवस्थेतील सार्वजनिक गैरवर्तन, अब्रुनुकसानी अशा काही मोजक्या अपराधांसाठी समाजसेवा ही शिक्षा प्रथमच दंडसंहितेत आणली. समाजास उपयुक्त असे विनामोबदला काम, एवढीच तिची व्याख्या कायद्यात आहे. ते काम कोणाच्या देखरेखीखाली व्हावे आणि त्या देखरेखीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडावा, याविषयी संहितेत काही म्हटलेले नाही.