गुणवत्ता : अखेरच्या तपासणीत नव्हे, प्रत्येक टप्प्यावर

शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मोटारी, फ्रिज यांसारख्या वस्तू तयार होतात. दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे प्रामुख्याने रसायने आणि औषधांचा कच्चा माल. मोटारीचे असंख्य सुटे भाग बाहेरचे पुरवठादार बनवितात. त्यांतील एक सदोष निघाला तरी तयार गाडी अडते. रसायनाची बॅच बिघडल्यास अखेरची चाचणी नुकसान दाखविते, ते टाळत नाही. म्हणूनच दोष शोधण्यापेक्षा तो उद्भवूच न देणे, हा 'टोटल क्वालिटी मॅनेजमेंट' अर्थात संपूर्ण गुणवत्ता व्यवस्थापनाचा गाभा होय.

या विचाराचा उगम अमेरिकेतला. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण-आलेख मांडला. उत्पादनातील स्वाभाविक चढउतार कोणते आणि खरा बिघाड कोणता, हे त्यावरून ओळखता येऊ लागले. १९५० मध्ये एडवर्ड्स डेमिंग यांनी जपानमध्ये व्याख्याने दिली. पुढील वर्षी त्यांच्या नावाचा पुरस्कार तेथे सुरू झाला. जोसेफ ज्युरान यांनी व्यवस्थापकांची जबाबदारी अधोरेखित केली, तर काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने १९६२ पासून कामगारांची गुणवत्ता मंडळे रुजली. भारतात डेमिंग पुरस्काराचा पहिला मान १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटनला मिळाला. २००३ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाने तो पटकाविला.

या पद्धतीची मुख्य तत्त्वे अशी : ग्राहकाची गरज हाच निकष, पुढच्या टप्प्यावरील सहकारी हाही ग्राहकच, निर्णय अंदाजाने नव्हे, नोंदींच्या आधारे, नियोजन, कृती, पडताळणी आणि सुधारणा हे चक्र अखंड, पुरवठादाराशी दीर्घकालीन संबंध, सर्वांना प्रशिक्षण.

बहुतेक दोष कामगाराचे नसून व्यवस्थेचे असतात आणि व्यवस्था बदलण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे असतो, हे डेमिंग यांचे आग्रही प्रतिपादन होते. कामाच्या ठिकाणची भीती घालवा, असेही ते सांगत. चूक कळविणाऱ्यालाच शिक्षा होणार असेल, तर चूक लपविली जाते आणि ती थेट ग्राहकापर्यंत पोहोचते. कंत्राटी कामगाराला आणि छोट्या पुरवठादाराला हा धोका अधिक जाणवतो. आयएसओ ९००१ चे प्रमाणपत्र भिंतीवर लावता येते. परंतु यंत्रावरील कामगाराला 'थांबा, येथे काही बिघडले आहे' असे निर्धास्तपणे म्हणता येते का, यावरच या व्यवस्थापनाची खरी कसोटी लागते.