हबशी आणि भाकरी



काही वर्षांपूर्वी घाटकोपरच्या बाजूला एका कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत भांडण झाले आणि ते मिटविण्यासाठी मला बोलावणे आले. कारण क्षुल्लक होते. एका धिप्पाड, काळ्यासावळ्या क्रेनवाल्याला कोणीतरी ‘हबशी’ म्हटले आणि त्याने हातातला डबाच फेकून मारला. भाकरीचे तुकडे फरशीवर पसरले. भांडण मिटले, पण ज्या आफ्रिकेवरून शिवी आली त्याच आफ्रिकेतून ती भाकरीही आली आहे, हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही पुरते नव्हते. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत जास्त झाले.

ज्वारी आपली, असे आपण मानतो. पण ती प्रथम लागवडीस आली सुदानच्या पूर्व भागात, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी. बाजरी सहाराच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यातली, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखातली, चवळीही तिकडचीच. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ही बियाणी आपल्याकडे येऊ लागली. चिंचेची तर गंमतच आहे. अरबांनी तिला ‘हिंदी खजूर’ म्हटले, त्यावरून युरोपात तिचे नाव पडले. मूळ झाड मात्र आफ्रिकेचे! आपल्या अंधेरीच्या सीप्झमधली गोरखचिंच पाहा, तीही तिथलीच. हे बी ज्यांनी निवडले, राखले, गलबतांतून आणले, त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. आपल्या शेतकऱ्यांनीही ते जसेच्या तसे ठेवले नाही. मोहोळची मालदांडी झाली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून तांबडा मिलो आला, त्याला माझी आई मरेपर्यंत नावे ठेवीत असे. पण मिलो म्हणजेही ज्वारीच, आणि अमेरिकेत ज्वारी प्रथम पोहोचली ती गुलामांच्या व्यापाराबरोबर.

गुलामांची गोष्ट निघालीच आहे, तर मलिक अंबरकडे वळतो. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा विकला गेला, हस्ते परहस्ते बगदादमार्गे दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले; तो स्वतःही हबशीच होता. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर उरलेले राज्य याच गुलामाने सावरले आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत चालविले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जहांगीर बादशहाने अंबरच्या छाटलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारीत आहोत असे चित्र काढवून घेतले. ते मुंडके प्रत्यक्षात त्याच्या हाती कधी लागले नाही. चित्रावरच समाधान मानावे लागले.

लढाया तुम्ही शाळेत वाचल्या असतील. मला मोलाचा वाटतो तो त्याचा धारा. त्याच्या आधी गावोगावचा वसूल मक्त्याने दिला जाई. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरी आणि कुणब्याकडून हवे तेवढे काढी. कंत्राटदाराच्या हाताखाली राबलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको! अंबरने मक्ता बंद केला, जमिनीच्या मगदुराप्रमाणे प्रती लावल्या आणि पिकाचा अंदाज पाहून सरकारचा वाटा बांधून दिला. धान्यात सुमारे दोन पंचमांश, रोखीत सुमारे एक तृतीयांश, असे आकडे इतिहासकार देतात. वाटा हलका नव्हता, हे मान्य. पण किती द्यायचे हे पेरणीपूर्वी कळणे आणि खळ्यावर कळणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. शिवकाळातील जमीनबंदीच्या मागे या धाऱ्याचा अनुभव होता. त्याने १६१० मध्ये खडकी वसविली, तेच पुढे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे नहर बांधून डोंगराकडचे पाणी खापरी नळांनी आणले.

हबशी म्हटला की तो रयतेचा कैवारी, असे मात्र मी म्हणणार नाही. जंजिऱ्याच्या सिद्दींचे राज्य १९४८ पर्यंत टिकले आणि त्यांच्या स्वाऱ्यांत कोकणच्या शेतकऱ्यांनी पुष्कळ सोसले. माणसे रंगाने बरीवाईट ठरत नाहीत, एवढे पुरे.

पुढे त्याच कारखान्याच्या दारसभेत मी हे सारे सांगितले. क्रेनवाला पुढेच बसला होता. सभा संपल्यावर जवळ येऊन म्हणाला, “साहेब, भाकरीचं पटलं. पण चिंच त्यांची म्हणता, ते आमच्या म्हातारीला तुम्हीच येऊन सांगा.”