दमदमच्या तबकड्या आणि आपली नाट्यगीते

फ्रेड गायसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा एक तंत्रज्ञ एप्रिल १९०२ मध्ये इटलीतील मिलान शहरी होता. तेथील एका हॉटेलच्या खोलीत त्याने एन्रिको कारुसो या ऑपेरातील तरुण गायकाची दहा गाणी ध्वनिमुद्रित केली. आजही जगभरचे ऑपेराचे षौकीन त्या गाण्यांवर तावातावाने बोलतात. त्याच वर्षाच्या शेवटी हाच गायसबर्ग आपल्या कलकत्त्यात उतरला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने येथे पहिले ध्वनिमुद्रण केले, ते क्लासिक थिएटरमधील दोन गायिकांचे. त्यानंतर दोन-तीन दिवसांत गौहरजान आली आणि कर्ण्यासमोर बसून गायली. गाणे संपताच इंग्रजीत स्वतःचे नाव सांगण्याची तिची लकब पुढे प्रसिद्ध झाली. ती केवळ ऐट नव्हती. मेणाचे मूळ साचे तबकड्या दाबण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि तेथील कामगारांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे कसे?

तेव्हा मिलानचा ऑपेरा आणि कलकत्त्याचे नाटक-बैठकीचे गाणे एकाच माणसाच्या पेटाऱ्यातून, एकाच वर्षी जगापुढे गेले. आपण मराठी माणसांनी यात रस का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या सियालदा स्टेशनाजवळ आहे. हॅनोव्हरची ये-जा परवडेना म्हणून कंपनीने १९०८ च्या सुमारास बेलियाघाटा रोडवर स्वतःचा कारखाना सुरू केला. तोही अपुरा पडू लागला, तेव्हा १९२८ च्या सुमारास तो दमदमला, जेसोर रोडवर गेला. (दोन्ही जागा रेल्वेमार्गाच्या जवळच, हे आम्हा रेल्वेवाल्यांना सांगायला बरे वाटते.) बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव, हिराबाई बडोदेकर यांनी गायचे मुंबई-पुण्याकडे आणि त्यांच्या 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकड्या दाबल्या जायच्या येथे, बंगाली कामगारांच्या हातून. या कामगारांपैकी किती जणांना 'मानापमान' किंवा 'स्वयंवर' ही नावे ठाऊक असतील!

तबकडीचा मालही इकडचाच. सुतार पॉलिशसाठी वापरतात ती चपडा लाख, दगडाची पूड आणि काजळी यांचे हे मिश्रण. लाख यायची छोटा नागपूर आणि पुरुलियाच्या जंगलातून. पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवरील किड्याने केलेल्या राळेवर नारायणराव राजहंसांचा आवाज उमटला, हे एक नवलच म्हणायचे.

आता थोडा हिशेब, कारण हिशेबाशिवाय आमच्यासारख्यांना चैन पडत नाही. दहा इंची तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटे चालते. मिनिटाला ७८ फेरे म्हणजे अडीचशे फेरे झाले. एवढ्या वेळात सुई खाचेतून सुमारे १३० मीटर प्रवास करते, म्हणजे रेल्वेच्या सहा डब्यांएवढी लांबी. या सहा डब्यांत नाट्यपद बसवायचे. रंगभूमीवर तेच पद 'वन्समोअर' घेत घेत कितीतरी वेळ रंगत असे. मुखडा, अंतरा, चार ताना, संपले. १९२५ नंतर विजेचा मायक्रोफोन आला, तोपर्यंत तर कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि वरचा स्वर लावताना डोके मागे घ्यायचे अशी कसरत होती.

म्हणूनच तबकडी ऐकणाऱ्यांचे कधी एकमत होत नाही. आम्ही पाच-सहा जण अधूनमधून रविवारी दुपारी एकत्र बसतो. चावीचे यंत्र, पोलादी सुया आणि चहा एवढाच थाट. एका वडीलधाऱ्या गृहस्थांचे म्हणणे असे की, तबकडी म्हणजे गंधर्वांची सावली. ज्याने नाटक पाहिले नाही त्याने मत देऊ नये. दुसरे एक नागपूरकर दीनानाथांचे कट्टर भक्त. ती चढी, तिखट तान ऐकली की ते खुर्चीत ताठ बसतात आणि म्हणतात, "याच्यापुढे बाकी सगळे गोडगोड." आमचे एक बंगाली सहकारीही येतात. त्यांच्या घरी या यंत्राला 'कलेर गान' म्हणत. मराठी कळत नसूनही त्यांनी पकडले ते नेमके मर्म: "हे गृहस्थ शब्द मोडत नाहीत. तालाच्या मागे राहतात, पण हरवत नाहीत." बालगंधर्वांच्या लयीबद्दल इतके थोडक्यात कोणी बोललेले मी ऐकले नाही. गाणारी व्यक्ती पुरुष आहे आणि रंगभूमीवर भामिनी, रुक्मिणी व्हायची, हे सांगितल्यावर त्यांनी तबकडी पुन्हा लावायला लावली.

वाद साथीवरूनही होतो. गंधर्व कंपनीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष अशी माणसे होती. तबकडीच्या कागदी लेबलावर साथीदारांना सहसा जागा नसे. त्यामुळे खरखरीतून एखादा तुकडा निघाला की "थिरकवाँच!" अशी पैज लागते. मला स्वतःला विचाराल तर 'कान्होपात्रा'तील भैरवी मी सर्वांत वर ठेवीन. नाटक १९३१ सालचे, चाली मास्टर कृष्णरावांच्या. तेथे ताना जवळजवळ नाहीतच, आणि सव्वातीन मिनिटे कमी वाटत नाहीत.

ज्यांचा आवाज उरलाच नाही, त्यांचे काय? 'शाकुंतल' १८८० सालचे, 'सौभद्र' १८८२ चे. ही नाटके ज्यांनी गाजविली ते भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. गायसबर्ग कलकत्त्यास आला त्याच्या आदल्याच वर्षी. त्यांच्याविषयी आठवणी वाचायला मिळतात, पण कानावर काही पडत नाही.

७८ फेऱ्यांच्या तबकड्या आपल्याकडे १९७० च्या सुमारास बंद झाल्या. मुंबईत १९९० साली जुन्या ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था निघाली. डॉ. सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी श्रवणाच्या बैठका घेतल्या, 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक चालविले, त्यामुळे पुष्कळ काही वाचले. कोलकात्यातल्या मराठी घरांतल्या तबकड्या मात्र कोणाच्या यादीत नाहीत. निवृत्तीनंतर पुण्याला-नागपूरला परतताना सामान कमी करावे लागते. एक तबकडी सुमारे दोनशे ग्रॅमची, त्यातून ठिसूळ. त्यामुळे पहिला गठ्ठा भंगारवाल्याकडे जातो तो हाच. फ्री स्कूल स्ट्रीटवरच्या जुन्या तबकड्यांच्या दुकानात मला बंगाली कीर्तनाच्या ढिगाखाली एक मराठी नाट्यपद सापडले होते. पाकिटावर शाईने कोणा काकूंचे नाव आणि हळदीकुंकवाची तारीख होती.

आपल्याकडे माळ्यावर असा गठ्ठा असेल, तर दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. तबकड्या एकावर एक आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. स्पिरिटने कधीही पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार पॉलिश त्यातच करतात. गाणे पुसले जाईल. साध्या पाण्याचा ओलसर मऊ फडका खाचेच्या दिशेने फिरवावा, कागदी लेबल भिजू देऊ नये. सुई दर बाजूला बदलावी. आणि वेग आधी तपासावा, कारण जुन्या तबकड्या सगळ्याच नेमक्या ७८ च्या नसतात; वेग चुकला तर गायकाची पट्टी बदलते आणि मग वाद उगाच पेटतो. एका कागदी चकतीवर सारख्या अंतराने ७७ काळ्या रेघा आखा, ती फिरत्या तबकडीवर ठेवा आणि ५० सायकलच्या विजेवरील निऑनच्या दिव्यात पाहा. रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसल्या की वेग ७८ च्या जवळ आला. मग सुई ठेवा आणि आम्हालाही बोलवा. सुया आम्ही आणू.