दक्षिणेपासून पुस्तकापर्यंत

दान सत्पात्री पडावे, असे आपली वाडवडील मंडळी सांगत आली. विद्येच्या नावाने महाराष्ट्रात पैसा कधी कमी निघाला नाही. प्रश्न एवढाच की, तो पोचला कोणापर्यंत? मी साखऱ्याला मुले शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पुस्तक लिहिणारा मीच आणि पुस्तकावाचून राहिलेले पोर रोज पाहणाराही मीच. म्हणून हा जुना हिशेब दिवाळीच्या निमित्ताने मांडून पाहतो.

पेशवाईत श्रावणमासी पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा वाटली जाई. हजारो ब्राह्मण जमत आणि रक्कम लाखांच्या घरात जाई. १८१८ साली पेशवाई बुडाली, तरी कंपनी सरकारने ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. पुढे १८४९ साली लोकहितवादी आणि त्यांच्या मित्रांनी अर्ज केला की, या पैशातून मराठीत चांगले ग्रंथ लिहिणारांना उत्तेजन द्यावे. पुण्यात केवढा गहजब झाला! त्या वेळी अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिले. अखेर दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. दान पंक्तीतून उठून लेखकाच्या मेजापर्यंत आले, हे काही थोडे झाले नाही.

त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. महार-मांगांच्या मुलांसाठी जोतीरावांनी चालवलेल्या शाळांना याच दक्षिणा फंडातून दरमहा ७५ रुपये मिळू लागले. ज्या पैशाच्या सावलीलाही या मुलांच्या आजोबांना उभे राहता आले नसते, त्याच पैशातून त्यांच्या हाती पाटी आली. सत्पात्र या शब्दाचा अर्थ पुण्यात बदलला तो असा.

यापुढचे पाऊल बडोद्याचे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण अक्षरे शिकलेल्या माणसाला वाचायला काही मिळाले नाही, तर अक्षरे विसरायला वेळ लागत नाही. हे ओळखून १९१० साली त्यांनी बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले. गावोगाव वाचनालये निघाली आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. पुढे दोन लाखांचा निधी बाजूला काढून साहित्यमाला आणि मुलांसाठी बालज्ञानमाला त्यांनी सुरू केल्या.

लेखक झाले, शाळा झाली, पेटीही गावात आली. तरी एक पाऊल राहतेच: पुस्तक पोराच्या स्वतःच्या हातात पडण्याचे.

मुंबईच्या एका चाळीत राहणाऱ्या भीमरावाला वाचनाचे वेड. वडील रामजी सुभेदार पेन्शनीवर घर चालवणारे. पण मुलाने पुस्तक मागितले की, लेकीकडून दागिना मागून घेत आणि तो गहाण टाकून पुस्तक आणून देत. हा मुलगा परीक्षा पास झाला तेव्हा वस्तीने सभा भरवली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्या सभेनंतर आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी गुरुजींनी ते लिहिले होते, असे बाबासाहेबांनी पुढे नमूद केले आहे. आणि आपण बुद्धाकडे कसे वळलो, हे सांगताना सुरुवात याच पुस्तकापासून केली आहे. राजाचा पैसा, लेखकाची लेखणी आणि गुरुजींचे मन तिन्ही एका मुलाच्या हातात एकत्र आली. १९५६ साली नागपूरला जे घडले, त्याचे एक बी त्या भेटीत होते.

आमच्या साखऱ्याकडे तेव्हा काय होते? हा मुलूख निजामाचा. दरबारची भाषा उर्दू, १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूतले. घरी मराठी बोलणाऱ्या पोराला वरच्या वर्गात परकेच वाटायचे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर वारे पालटले. १९५० साली बाबासाहेबांनीच औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर निपजला.

आज गावोगाव शाळा आहेत, पहिली ते आठवीला पाठ्यपुस्तके फुकट मिळतात. दाते गोष्टींच्या पुस्तकांचे संचही शाळांना पाठवतात. पण संच आला की तो डेडस्टॉकच्या वहीत चढतो. एखादे पान फाटले तर जाब कोणी द्यायचा, या धाकाने कपाटाला कुलूप लागते आणि किल्ली खिशात जाते. पैसा पुण्या-मुंबईहून येथवर येतो आणि पोरापासून चार हातांवर थांबतो. ऊसतोडीला आईबापांमागे निघालेल्या पोराच्या गाठोड्यात कपाट मावत नाही. एक पुस्तक मात्र मावते.

दात्यांना म्हणूनच एक सुचवतो. संच जरूर द्या. पण त्यातले एक-एक पुस्तक एकेका मुलाला द्या आणि पहिल्या पानावर त्याचे नाव घाला. मग ते फाटो, भिजो, धाकट्या भावाच्या हाती जावो. ते वहीत चढणार नाही, घरात राहील. केळुसकर गुरुजींनी तरी दुसरे काय केले होते?