सलाम न घेणारा कॅप्टन

झोंबी अमेरिकेत पोचला तो मरीन शिपायांच्या पाठोपाठ. बंदर पोर्ट-ओ-प्रिन्स, देश हैती, काळ १९१५ ते १९३४. आजच्या सिनेमांत आणि व्हिडिओ गेममध्ये मात्र क्रम उलटा असतो. आधी रोग येतो, शहरं पडतात, मेलेली माणसं उठून जिवंतांचे लचके तोडतात, आणि मग कुठल्यातरी छावणीत उरलेले मूठभर सैनिक दारूगोळा जमवून उलटा हल्ला चढवतात. माझा नातू मोबाइलवर हाच हल्ला रोज जेवणाआधी चढवतो.

मी उमेदीची सगळी वर्षं फौजेत क्लर्क होतो. बंदूक चालवली ती फायरिंग रेंजवर. एरवी काम हुकूम टंकण्याचं, आधी टाइपरायटरवर, मग संगणकावर. त्यामुळे फौजेची कुठलीही गोष्ट ऐकली की मला दोनच प्रश्न पडतात. हुकूम कुणाचा होता? आणि राशन कुठून आलं? झोंबीच्या गोष्टीला हे प्रश्न विचारत गेलो, तर वाट थेट हैतीतल्या उसाच्या फडात जाते.

हैती ही फ्रान्सची वसाहत, तेव्हाचं नाव सँ-दोमँग. साखर आणि कॉफीवर ती जगातली सर्वांत श्रीमंत वसाहत ठरली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे आफ्रिकेतून आणलेले आणि त्यांच्या पोटी जन्मलेले मिळून जवळजवळ ५ लाख गुलाम राबत होते. मेल्यावर आपला जीव समुद्रापलीकडे गिनीला, म्हणजे मायदेशी जातो, असं ही माणसं मानत. सुटकेची तेवढीच एक वाट होती. झोंबी म्हणजे जिची ही वाटही बंद झाली अशी व्यक्ती. जादूटोणा करणारा तिला थडग्यातून उठवतो, तिची शुद्ध काढून घेतो आणि शेतात जुंपतो. हैतीचा झोंबी कुणाला चावत नाही, कुणाचा पाठलाग करत नाही. तो फक्त काम करतो. गावकऱ्यांना भीती वाटे ती झोंबी दिसण्याची नव्हे, आपण झोंबी होण्याची.

या लोकांनी १७९१ मध्ये उठाव केला. तो मोडायला १८०१ च्या अखेरीस नेपोलियनने आपला मेहुणा जनरल लक्लेर याला मोठी फौज देऊन पाठवलं. त्या फौजेला बंडखोरांनी झुंजवलं आणि पीतज्वराने खाल्लं. हजारो शिपाई तापाने गेले, नोव्हेंबर १८०२ मध्ये खुद्द लक्लेरही गेला. फौज आणि साथ यांच्या खऱ्या लढाईत बहुतेक वेळा असंच होतं. बराकीत दाटीवाटीने राहणारा शिपाई हा साथीचा पहिला बळी असतो. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला.

आता मरीन. २८ जुलै १९१५ रोजी राजधानीतल्या जमावाने राष्ट्राध्यक्ष सांम यांना ठार केलं आणि त्याच दिवशी अमेरिकी मरीन किनाऱ्यावर उतरले. कारण सांगितलं शांतता राखण्याचं. पण त्याआधी, डिसेंबर १९१४ मध्येच, याच मरीन शिपायांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतलं ५ लाख डॉलरचं सोनं जहाजावर चढवून न्यूयॉर्कला पोचवलं होतं. कागद तारखेप्रमाणे लावायची माझी जुनी सवय आहे. तारखा लावल्या की कारण आपोआप दिसतं.

मरीन अधिकाऱ्यांच्या हाताखाली हैतीच्या माणसांचं एक सशस्त्र दल उभं केलं गेलं. त्याचा पहिला प्रमुख होता स्मेडली बटलर. फौजेला रस्ते हवे होते, मजुरीला पैसे नव्हते. मग १८६४ च्या कायद्यातलं एक कलम उकरून काढलं: गावकऱ्यांनी रस्त्यासाठी एक तर कर भरावा, नाहीतर अंगमेहनत करावी. कलमात मेहनत आपापल्या भागातली होती. प्रत्यक्षात माणसं दोरीला बांधून लांब लांब नेली गेली, पहाऱ्यात ठेवली गेली, पळाली तर गोळी. आपल्याकडच्या वेठबिगारीहून वेगळं काही नव्हे. ज्यांच्या पणजोबांनी साखळ्या तोडल्या होत्या, त्यांना पुन्हा रांगेत उभं करून राबवणारा आता गणवेशातला होता.

यातून बंड पेटलं. त्याचा पुढारी शार्लमेन पेराल्त हा स्वतः हैतीच्या फौजेतला जुना अधिकारी. म्हणजे पडलेल्या देशातला उरलेला सैनिक उलटा लढला, हे खरोखर घडलं ते इथे, आणि ते मरीनविरुद्ध. १९१९ च्या शरदात हॅनिकन नावाच्या मरीनने तोंडाला काळं फासून त्याच्या छावणीत शिरून त्याला गोळ्या घातल्या. पेराल्तचं प्रेत दाराच्या फळीला बांधून त्याचा फोटो काढला आणि दहशत बसावी म्हणून सगळीकडे वाटला. फोटोत तो क्रुसावरच्या येशूसारखा दिसत होता. लोकांनी फोटो जपून ठेवला. प्रचारखात्याने आपल्याच बाजूवर गोळा टाकल्याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

याच ताब्याच्या काळात विल्यम सीब्रुक हा अमेरिकी लेखक हैतीत राहिला आणि १९२९ मध्ये ‘द मॅजिक आयलंड’ हे पुस्तक छापून मोकळा झाला. मसाला भरपूर, खातरजमा कमी. पण त्यातली एक गोष्ट सोन्याच्या मोलाची आहे. १९१८ चा हंगाम, ऊस अमाप, हैतियन-अमेरिकन शुगर कंपनीला, लोकांच्या बोलीतल्या ‘हास्को’ला, मजूर हवेत, आणि नवीन मजूर आणणाऱ्याला बक्षिसी. जोसेफ नावाचा एक मुकादम फाटक्या कपड्यांतली, शून्य नजरेची टोळी घेऊन येतो. ही माणसं थडग्यातून उठवलेली. मजुरी अर्थातच जोसेफच्या खिशात. त्यांना अळणी अन्नच द्यायचं, मीठ लागू द्यायचं नाही, हा नियम. एके दिवशी जोसेफच्या बायकोला दया येते, ती त्यांना जत्रेतली दाण्याची मिठाई देते, आणि त्या दाण्यांना मीठ असतं. जिभेवर मीठ पडताच त्यांना कळतं की आपण मेलेलो आहोत. ती किंकाळी फोडतात आणि पाठ फिरवून सरळ आपल्या गावच्या स्मशानाकडे चालू लागतात. आपल्याकडे मीठ खाल्लेला शिपाई धन्याला सोडत नाही. हैतीत मीठ खाल्लेला गुलाम त्याच क्षणी धन्याला सोडतो. गोष्ट खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवा. उसाचा कारखाना, मुकादम, उचल आणि टोळी ज्याने पाहिली आहे, अशा सांगली-कोल्हापूरच्या माणसाला ती कुणी समजावून सांगायला नको.

सीब्रुकच्या पुस्तकानंतर तीन वर्षांत, १९३२ मध्ये, ‘व्हाइट झोंबी’ हा चित्रपट आला. त्यात हैतीतला साखरेचा घाणा मेलेली माणसं फिरवतात. तेवढं दृश्य मूळ गोष्टीला धरून आहे. पण नावातच पाहा, संकट कोणतं? गोरी बाई झोंबी होते हे. काळ्यांचं राबणं पार्श्वभूमीला गेलं. मरीन अधिकारीही हैतीवर पुस्तकं लिहू लागले. एका कॅप्टनच्या पुस्तकाचं नाव ‘कॅनिबल कझिन्स’, आलं १९३४ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मरीन हैतीतून गेले. झोंबी मात्र अमेरिकेतच राहिला.

माणसं खाणारा, चावून रोग पसरवणारा झोंबी ही बरीच नंतरची मांडणी, आणि ती मुख्यतः जॉर्ज रोमेरो या एका माणसाची. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ १९६८ मध्ये पिट्सबर्गला लागला. सव्वा लाख डॉलरच्याही आत केलेलं काम. गंमत म्हणजे त्यात झोंबी हा शब्द कुणी उच्चारतच नाही. रात्रभर मेलेल्यांशी झुंजून एकटा जगतो तो बेन, काळा माणूस. सकाळी शेरीफची बंदूकधारी टोळी येते आणि त्यालाच मेलेला समजून गोळी घालते. मदत पोचली आणि माणूस गेला. मार्टिन ल्युथर किंग यांचा खून त्याच वर्षीचा. रोमेरोच्याच १९७३ च्या ‘द क्रेझीज’मध्ये लोकांना वेड लावणारा विषाणू फौजेच्याच विमानातून सांडतो आणि पांढऱ्या पोशाखातले सैनिक गावाला वेढा घालतात.

पण मला थांबायचं आहे ते त्याच्या १९८५ च्या ‘डे ऑफ द डेड’पाशी. उरलेले सैनिक आणि काही शास्त्रज्ञ जमिनीखालच्या साठवण-गुहांत राहतात. चित्रीकरण पेनसिल्व्हानियातल्या वाँपमच्या चुनखडीच्या खाणीत झालं. वरिष्ठ मेजर नुकताच मेला आहे, कमान कॅप्टन ऱ्होड्सच्या हातात आली आहे. वरून हुकूम येत नाही, वायरलेसवर कुणी उत्तर देत नाही. ज्याने युनिट पाहिलं आहे त्याने हा सिनेमा अवश्य पाहावा. गोळीबाराआधी युनिट कसं सडतं ते त्यात आहे: दारू, अश्लील चेष्टा, एकमेव स्त्रीवरची नजर, आणि ज्याला शिस्त म्हणतात ती फक्त ऱ्होड्सच्या पिस्तुलात उरलेली. तो शास्त्रज्ञांना सांगतो, माझं ऐकणार नाही त्याला गोळी. आमच्याकडे अशा अधिकाऱ्याला मागे काय म्हणत ते छापता येणार नाही.

तिथे डॉक्टर लोगनने एक झोंबी पाळला आहे, बब. साखळीला बांधलेला. त्याच्यापुढे वस्तारा ठेवला तर तो गालावरून फिरवू पाहतो, टेलिफोन कानाला लावतो. जिवंतपणी तो बहुधा फौजेत होता, कारण ऱ्होड्सचा गणवेश दिसताच तो ताठ उभा राहून सलाम ठोकतो. लोगन ऱ्होड्सला म्हणतो, सलाम घ्या. ऱ्होड्स घेत नाही. खालच्याचा सलाम न घेणं हा गुन्हा नाही, पण फौजेत तो विसरला जात नाही. शेवटी लोगनचा खून झाल्यावर बब साखळीतून सुटतो, पिस्तूल उचलतो, ऱ्होड्सला गोळी घालतो, आणि मग त्याला सलाम करतो. हेलिकॉप्टरने सुटून बेटावर पोचणाऱ्यांत कॅरिबियन उच्चाराचा वैमानिक जॉन आहे. ‘आपण युद्ध जिंकू’ अशा विचाराने तो कधीच भारावलेला नव्हता. पुढे इंग्लंडच्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’नेही २००२ मध्ये सडलेल्या युनिटचा हाच धागा उचलला. तिथे मँचेस्टरजवळचे सैनिक रेडिओवरून आसरा जाहीर करतात, आणि आसऱ्याला येणाऱ्या बायका त्यांना हव्या असतात.

फौजेची बाजू घेणारं लेखन नाही असं नाही. मॅक्स ब्रुक्स यांच्या २००६ च्या ‘वर्ल्ड वॉर झी’ या कादंबरीत अमेरिकी फौज यॉन्कर्सला सगळ्या आधुनिक शस्त्रांनिशी सपाटून मार खाते, कारण न घाबरणाऱ्या शत्रूवर दहशतीची शस्त्रं चालत नाहीत. मग ती जुन्या काळातल्या चौकोनी रचनेकडे वळते: एकेक गोळी, संथ ठोका, थकलेल्याला मागे घेऊन ताजा पुढे, मागून पाणी आणि दारूगोळा. राशनचा विचार केलेला हा एकच झोंबीलेखक, म्हणून मला आवडतो.

खऱ्या फौजेनेही झोंबीविरुद्ध आराखडा केलेला आहे. ३० एप्रिल २०११ ही तारीख असलेली ‘कॉनप्लॅन ८८८८’ ही योजना नेब्रास्कातल्या अमेरिकी स्ट्रॅटेजिक कमांडमध्ये तयार झाली, आणि २०१४ मध्ये ती बातम्यांत आली. मूळ हेतू साधा होता: तरुण अधिकाऱ्यांना नियोजन शिकवायचं, पण सरावात कुठल्या खऱ्या देशाचं नाव घ्यायचं नाही. टंकणारा म्हणून सांगतो, नमुना अचूक आहे. परिस्थिती, कामगिरी, टप्पे, रसद, सगळं जागच्या जागी. शत्रूच्या वर्गवारीत शाकाहारी झोंबी आहेत, कोंबडी-झोंबीसुद्धा आहेत. पण कायद्याच्या परिच्छेदात एक वाक्य हसू थांबवतं. कायद्याचे निर्बंध माणसांच्या आणि प्राण्यांच्या जिवापुरते. मेलेल्यांवर काय करावं याला जवळजवळ बंधन नाही, असा त्याचा आशय. झोंबीच्या गोष्टीची सगळी सोय इथे आहे. आधी समोरच्याला माणसांतून वजा करायचं, मग हुकूम सोपा होतो. हैतीत रस्त्यासाठी दोरीला बांधलेल्यांचंही तेच केलं होतं.

मराठी वाचकाला हे हैतीवरून शिकायची गरज नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग फैलावला तेव्हा प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याने घरं तपासायला डरहॅम लाइट इन्फंट्रीचे गोरे सोजीर पाठवले. ते बुटांसकट देवघरात गेले, बायका-पुरुषांना उघड्यावर तपासलं, सामान जाळलं. रोगाशी लढायला आलेली फौज लोकांना रोगाहून जड झाली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. त्याच साथीत, मार्चमध्ये, सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या. त्यांचा दत्तक मुलगा यशवंतराव फौजेत डॉक्टर होता. हडपसरजवळ त्याने दवाखाना उघडला होता. एकाच साथीत एकाच शहरात गणवेशातली माणसं दोन्ही तऱ्हेची होती.

म्हणून माझं मत एवढंच. साथीत फौज लागते, पण बंदुकीसाठी नव्हे. तंबू, पाण्याचे टँकर, लंगर, पहारा, डॉक्टर आणि वेळेवर पोचणारी यादी, एवढ्यासाठी लागते. फेब्रुवारी २०२० मध्ये वुहानहून आणलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हरियाणातल्या मानेसरला फौजेनेच उभारलेल्या छावणीत १४ दिवस ठेवलं होतं. तपासण्या झाल्या, जेवण मिळालं, मुलं आपापल्या घरी गेली. त्यावर अजून कुणी सिनेमा काढलेला नाही.