कोल्हापुरात आलेली पोलंडची राणी

ऑगस्ट २०२४ मध्ये भारताचे पंतप्रधान पोलंडला गेले होते. राजधानी वॉर्सामध्ये त्यांनी एका स्मारकाला फुलं वाहिली. त्या स्मारकाला नाव आहे कोल्हापूरचं. त्याच आठवड्यात माझ्या मराठीच्या तासाला एका मुलीनं विचारलं, "सर, आपल्या कोल्हापूरचं नाव तिकडे कसं गेलं?"

आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं. (नाशिकचं मालेगाव वेगळं, हे दरवेळी सांगावंच लागतं.) इथल्या मुलांना कोल्हापूरच लांब वाटतं, तिथं पोलंडची काय कथा! दुसऱ्या महायुद्धात हजारो पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळ पाच वर्षं राहिले, असं मी थोडक्यात सांगितलं. ते कॅथलिक ख्रिस्ती होते आणि मरियमला आपल्या देशाची राणी मानत, हेही बोलण्याच्या ओघात सांगून गेलो. त्यावर तिचा दुसरा प्रश्न आला, "सर, त्यांची मरियम आणि आपली बीबी मरियम एकच का?"

वर्गात मरियम नावाच्या दोन मुली बसल्या होत्या. दोघींनी माना वर केल्या. उत्तर एका तासात मावणारं नव्हतं, म्हणून हा लेख.

आपल्या घरांपासून सुरुवात करतो. घरात कुणी गरोदर असलं की आपल्याकडे सूरह मरियम पढायला सांगतात. माझी बहीण पोटुशी होती तेव्हा अम्मी रोज तिच्या उशाशी बसून ही सूरह पढायची आणि मग तिला खजूर खायला द्यायची. कारण सूरहमध्येच ते दृश्य आहे : वस्तीपासून दूर, एकटी, प्रसववेदनांनी हैराण झालेली मरियम खजुराच्या बुंध्याचा आधार घेते. कुरआनात नावानं उल्लेख असलेली ती एकमेव स्त्री. १९ वी सूरह तिच्याच नावाची. आपण तिला पवित्र मानतो, निवडलेली मानतो, पण तिची इबादत करत नाही. इथपर्यंत आपल्याला सगळं ठाऊक असतं. एखाद्या देशानं तिला आपली राणी कसं केलं, हे मात्र ठाऊक नसतं.

ती हकीकत १६५५ सालची. स्वीडनच्या फौजा पोलंडमध्ये घुसल्या. शहरामागून शहर पडलं. राजा यान काझिमिएझ देश सोडून पळाला. चेन्स्टोहोवा गावी यास्ना गुरा नावाचा मठ आहे. तिथे मरियम आणि बाळ येशूचं एक जुनं, काळपट पडलेलं चित्र आहे. मरियमच्या गालावर वार केल्यासारख्या दोन खुणा दिसतात. १४३० मध्ये मठ लुटला गेला तेव्हाच्या त्या खुणा असं सांगतात. स्वीडिश फौजेनं या मठाला वेढा घातला. सुमारे ४० दिवस वेढा चालला आणि मठ पडला नाही. लष्करी दृष्टीनं ही काही फार मोठी लढाई नव्हती, पण हरलेल्या लोकांच्या मनात मात्र जीव आला.

राजा परतला. १ एप्रिल १६५६ रोजी ल्वूव शहराच्या कॅथेड्रलमध्ये मरियमच्या चित्रापुढे त्यानं शपथ घेतली आणि तिला पोलंडची राणी जाहीर केलं. या शपथेचा एक भाग कमी लोकांना माहीत असतो. देशावर आलेलं संकट म्हणजे गरीब रयतेवर झालेल्या जुलमाची शिक्षा आहे, असं राजानं तेव्हा मान्य केलं होतं. शत्रू गेला की शेतकऱ्यांच्या डोक्यावरचं अन्यायाचं ओझं उतरवीन, असं वचन त्यानं दिलं.

शत्रू गेला. राणी राणीच राहिली. शेतकऱ्यांचं ओझं मात्र उतरलं नाही. जमीनदारांना ते नको होतं आणि राजाचं त्यांच्यापुढे चाललं नाही. पोलंडच्या इतिहासातली ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिच्याकडे पुन्हा येऊ.

पुढे १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन हप्त्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं पोलंड वाटून घेतला. १२३ वर्षं हा देश नकाशावरच नव्हता. राजा नाही, फौज नाही, सरकार नाही. या काळात राणी उरली होती ती फक्त चित्रात, घराघरांतल्या तसबिरीत आणि प्रार्थनेत. देश १९१८ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि मग ३ मे हा पोलंडच्या राणीचा सण ठरला. १७९१ ची पोलिश राज्यघटनाही ३ मेचीच. म्हणजे घटनेचा दिवस आणि राणीचा दिवस एकच झाला.

आता कोल्हापूरकडे येऊ. सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलर आणि स्टॅलिन या दोघांनी मिळून पोलंड पुन्हा वाटून घेतला. पूर्वेकडचा भाग सोव्हिएत रशियाकडे गेला. फेब्रुवारी १९४० पासून तिथल्या लाखो माणसांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात पाठवण्यात आलं. रात्री शिपाई यायचे, सामान बांधायला थोडा वेळ द्यायचे. त्या घाईत लोकांनी काय घेतलं असेल? कपडे, भाकरी आणि मरियमची तसबीर किंवा गळ्यातलं पदक. भूक आणि रोगानं किती तरी माणसं तिकडेच गेली.

जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केला आणि चक्र फिरलं. रशियानं या पोलिश कैद्यांना सोडलं. १९४२ मध्ये हजारो सैनिक, बाया आणि मुलं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. हाडांचे सापळे झालेली, उवांनी भरलेली मुलं. इस्फहान शहरात इतकी अनाथ पोलिश मुलं ठेवली होती की त्याला 'पोलिश मुलांचं शहर' असं नाव पडलं. तेहरानच्या दुलाब कब्रस्तानात आजही त्यांच्यातल्या शेकडोंच्या कबरी आहेत. मुस्लिम वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. या लोकांना मोकळा श्वास मिळाला तो मुसलमानांच्या देशात.

इराणमधून काही जण भारतात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला मुलांसाठी छावणी उभारली. १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवडे इथं त्याहून मोठी छावणी झाली. तिथे सुमारे ५,००० माणसं राहिली, बहुतेक बाया, मुलं आणि म्हातारी माणसं. बराकी होत्या, शाळा होत्या, दवाखाना होता, नाटकं होत, स्काउटची पथकं होती. आणि एक चर्च होतं.

आपल्या महाराष्ट्राला मरियम काही नवी नव्हती. वांद्र्याच्या टेकडीवर तिचं देऊळ आहे. स्थानिक लोक तिला मोत माउली म्हणतात. सप्टेंबरच्या जत्रेत तिथे ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सगळेच जातात. पण वळिवड्याला आलेली मरियम वेगळी होती. ती एका देशाची राणी होती, आणि तो देश त्या वेळी शत्रूच्या ताब्यात होता. ३ मे आला की ऊस आणि जोंधळ्याच्या त्या मुलखात पोलंडच्या राणीचा सण यायचा. ज्यांच्याकडे घर नव्हतं त्यांच्याकडे राणी होती. तिच्यामुळेच आपण अजून एक लोक आहोत असं त्यांना वाटत राहिलं.

१५ ऑगस्ट हा कॅथलिकांचा मरियमच्या स्वर्गारोहणाचा सण. पोलंडमध्ये त्याला आणखी एक अर्थ आहे, कारण ऑगस्ट १९२० मध्ये वॉर्साजवळ रशियाच्या लाल सेनेला त्यांनी थोपवलं ते याच सुमारास. १५ ऑगस्ट १९४७ ला वळिवड्याची छावणी अजून चालू होती. आपला देश स्वतंत्र झाला त्या दिवशी छावणीतल्या लोकांच्या दिनदर्शिकेतही मोठा सण होता. पण त्यांचा देश आता रशियाच्या पंखाखाली गेला होता. त्यांच्यापैकी बहुतेकांची घरं असलेला पूर्वेचा मुलूख तर कायमचाच हातून गेला होता. मरियमला जिथे राणी केलं ते ल्वूव शहरही गेलं. आज ते ल्विव या नावानं युक्रेनमध्ये आहे.

१९४८ मध्ये छावणी बंद झाली. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला, काही पोलंडला परतले. रिकाम्या बराकीत फाळणीमुळे सिंध सोडून आलेली सिंधी कुटुंबं राहायला आली. त्यांच्यासोबत त्यांचा झुलेलाल आला. आजचं गांधीनगर ते हेच, कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं. एका निर्वासितांची जागा दुसऱ्या निर्वासितांनी घेतली. कोल्हापूरच्या महावीर गार्डनमध्ये पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे.

तिकडे पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवटीत ही राणी पुन्हा बिनसत्तेच्या लोकांची झाली. १९६६ मध्ये त्या चित्राची प्रतिकृती गावोगाव फिरत होती. सरकारनं ती ताब्यात घेतली. मग लोकांनी रिकामी चौकट फिरवली आणि तिच्यापुढे गर्दी केली. कामगार नेते लेक वालेसा यांच्या कोटावर तिचाच बिल्ला असायचा.

इथपर्यंत गोष्ट सुंदर आहे. पण मी मुसलमान आहे, शिक्षक आहे आणि ज्या देशात राहतो तिथे 'देशाची माता' या विषयावर किती वाद होतात ते मला ठाऊक आहे. म्हणून पुढचा प्रश्न टाळता येत नाही. मरियम जर देशाची राणी, तर तिला राणी न मानणारा माणूस त्या देशाचा कोण?

पोलंडमध्ये हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. खरा पोलिश म्हणजे कॅथलिक, असं म्हणणारे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात वाढले. तिथल्या ज्यू लोकांना त्याचे चटके बसले. अलीकडे २०१५ मध्ये सीरियातून निर्वासित आले तेव्हा युरोपियन युनियननं ठरवलेल्या वाटणीनुसार माणसं घ्यायला पोलंडनं नकार दिला. ७ ऑक्टोबर २०१७ रोजी देशाच्या सीमेवर लाखो लोकांनी उभं राहून मरियमची जपमाळ म्हटली. ती शांततेसाठी होती असं आयोजक म्हणाले. पण तो दिवस तुर्कांविरुद्धच्या १५७१ मधील लेपांतोच्या विजयाचा होता, आणि मुसलमानांना दूर ठेव ही प्रार्थना आम्ही करतोय, असं सांगणारेही त्या गर्दीत होते. इस्फहाननं ज्यांची मुलं सांभाळली, त्यांच्याच नातवंडांनी असं म्हणावं, हे वाचून मला वाईट वाटलं.

पण पोलंडमध्ये सहाशे वर्षांपासून राहणारे मुसलमानही आहेत. त्यांना लिपका तातार म्हणतात. १६७९ मध्ये राजा सोबिएस्कीनं त्यांना पूर्वेकडच्या गावांत जमिनी दिल्या. १६८३ मध्ये व्हिएन्नाला तुर्कांविरुद्ध लढताना सोबिएस्कीच्या सैन्यात हे तातारही होते. त्यांच्या क्रुशिन्यानी आणि बोहोनिकी या गावांत लाकडी मशिदी आजही उभ्या आहेत. २०२१ मध्ये बेलारूसच्या सीमेवरच्या जंगलात थंडीनं आणि हालांनी निर्वासित मरू लागले. तेव्हा त्यांच्यातल्या मुसलमानांना बोहोनिकीच्या तातारांनी आपल्या कब्रस्तानात जागा दिली आणि जनाजाची नमाज पढली. मुठभर लोकांची वस्ती, पण तिनं आपलं काम केलं. पुढच्याच वर्षी युक्रेनमधून लाखो लोक आले तेव्हा पोलिश लोकांनी आपली घरं उघडली, हेही सांगायला हवं. नाहीतर अन्याय होईल.

म्हणून १६५६ ची ती शपथ मला महत्त्वाची वाटते. त्या शपथेचे दोन भाग होते : तिला राणी मानणं आणि दुबळ्यांचं ओझं उतरवणं. पहिला भाग सोपा होता. तो झाला आणि पुढे शतकानुशतकं साजरा होत राहिला. दुसरा भाग कठीण होता, तो राहून गेला. आणि हे फक्त कॅथलिकांचं दुखणं नाही. नबींच्या नावानं जुलूस काढणाऱ्या आपल्या मोहल्ल्यातही शेजारचं अनाथ मूल उपाशी झोपतं. मिरवणूक आपल्याला जमते, वचन राहून जातं.

शेवटी एक जुना प्रसंग आठवतो. इ.स. ६१५ च्या सुमारास मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमान हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला गेले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. यांना परत द्या, म्हणून मक्केहून माणसं आली. दरबारात राजानं विचारलं तेव्हा हजरत जाफर बिन अबी तालिब यांनी सूरह मरियममधल्या आयती पढल्या. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं निर्वासितांना परत दिलं नाही. इस्लामच्या इतिहासातला पहिला आसरा एका ख्रिस्ती राजानं दिला, आणि तो मरियमची गोष्ट ऐकून दिला.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. बाई एकच, पण मानण्याची रीत वेगळी. ते तिला राणी म्हणतात, तिच्याकडे मागतात. आपण तिचा आदर करतो, मागतो फक्त अल्लाहकडे. हा फरक आहे आणि तो लपवायचं कारण नाही. मग मी फळ्यावर नकाशा काढला : सैबेरिया, इराण, कोल्हापूर. आणि बाजूला मक्का आणि हबशा. ती थोडा वेळ नकाशाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सर, म्हणजे मरियमचं नाव घेणारे घर सोडून आले, तेव्हा प्रत्येक वेळी दुसऱ्याच धर्माच्या लोकांनी दार उघडलं."

मी तेच वाक्य तिला वहीत लिहून ठेवायला सांगितलं.