बडोद्याचें कलाभवन

मुलगा शिकून पुढें काय करणार, हा प्रश्न सुशिक्षित घरांत आज जितक्या काळजीनें विचारला जातो तितक्याच काळजीनें तो सव्वाशें वर्षांपूर्वींही विचारला जात असे. मात्र त्या वेळीं त्याचें उत्तर बहुधा ठरलेलें असे. मॅट्रिक व्हावयाचें आणि कचेरींत चिकटावयाचें. त्यापुढें मजल गेली तर वकील किंवा मास्तर. सुताराचा मुलगा सुतारकाम शिके तें बापाच्या हाताखालीं, रंगाऱ्याचा मुलगा रंगाच्या पिंपापाशीं. शाळेचा आणि हाताचा संबंध म्हणून कसा तो येत नसे. तो संबंध जोडण्याचा एक मोठा प्रयत्न बडोदें संस्थानांत झाला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

इंग्रजी मुलखांत अशा संस्था अगदींच नव्हत्या असें नाहीं. पुण्यास १८५४ सालीं बांधकाम खात्याच्या कामगारांसाठीं वर्ग निघाला होता, मुंबईस जमशेटजी जीजीभाईंच्या देणगींतून १८५७ सालीं कलाशाळा सुरू झाली, आणि १८८७ सालीं राणीच्या ज्युबिलीच्या निमित्तानें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. पण वरचें शिक्षण इंग्रजींत. म्हणजे आधीं इंग्रजी शिकावें आणि मग हत्यार हातीं घ्यावें असा उलटा क्रम.

कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरून गादीवर आलेल्या सयाजीराव महाराजांना १८८१ सालीं राज्याचा अधिकार मिळाला. पुढें १८८६ सालीं त्यांनीं मौलाबक्षांच्या हाताखालीं गायनशाळा काढली. (गाणें हीही एक विद्या आहे आणि तिच्यावर पोट भरतां येतें, हें ज्या दरबारास पटलें त्यास इतर कलांचें महत्त्व पटण्यास अवघड गेलें नसावें.) १८९० सालीं कलाभवन निघालें. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. मूळचे सुरतेचे, सुताराच्या ज्ञातींत जन्मलेले आणि बडोदें कॉलेजांत रसायनशास्त्राचे अध्यापक. त्यांचा विचार सरळ होता. कारागिराच्या मुलाला शास्त्र द्यावयाचें तर तें त्याच्या भाषेंत दिलें पाहिजे. म्हणून चित्रकला, यंत्रविद्या, विणकाम, रंगकाम हे विषय देशी भाषेंत, मुख्यत्वें गुजरातींत, शिकविण्याचें ठरलें.

बोलावयास हें सोपें. पण ॲसिडाला काय म्हणावें, यंत्राच्या एकेका भागास काय म्हणावें, येथपासून तयारी. गज्जरांनीं परिभाषेचा कोश हातीं घेतला, आणि दरबाराच्या आश्रयानें ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ या मालेंत शास्त्रीय व धंदेविषयक पुस्तकें तयार करविण्यास आरंभ केला.

यांतील रंगकामाच्या वर्गाकडे आपण विशेष लक्ष द्यावें. १८५६ सालीं पर्किन या इंग्रज तरुणानें डांबरापासून जांभळा रंग काढला; १८६९ सालीं मंजिष्ठेच्या मुळांतील तांबडा रंग प्रयोगशाळेंत तयार झाला; १८९७ सालीं जर्मनांनीं कृत्रिम नीळ बाजारांत आणली. आमचा रंगारी पिढ्यान्पिढ्या तुरटी किती, पाणी किती ऊन, हें नजरेनें व जिभेनें ठरवीत आला होता. नव्या रंगाला ही नजर उपयोगी नाहीं. तेथें वजन लागतें, उष्णतामापक लागतो, कापसाला कोणता रंग सरळ बसतो आणि कोणत्यास आधीं तुरटी किंवा लोहक्षार पाजावे लागतात हें माहीत असावें लागतें. ज्याला तें येत नाहीं त्याचा धंदा बुडाला. ज्याला येतें त्यास मुंबईच्या आणि अहमदाबादच्या गिरण्यांत जागा होती, कारण तेथील जाणते मास्तर बहुधा विलायतेहून आणावे लागत. एकाच शोधानें एकाच्या घरची चूल विझावी आणि दुसऱ्याची पेटावी, आणि मधला फरक दोन-तीन वर्षांच्या शिक्षणाचा असावा, ही गोष्ट मला त्या काळांतल्या कोणत्याही लढाईपेक्षां मोठी वाटते.

पण हा लाभ कोणी घेतला? त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके कलाभवनांत चित्रकला व छायालेखन शिकले आणि १९१३ सालीं त्यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा बोलपट नव्हे, मूकपट लोकांपुढें आणला. गज्जरांच्या हाताखालीं तयार झालेले भाईलाल अमीन यांनीं गज्जर व कोटिभास्कर यांच्यासह १९०७ सालीं अलेम्बिक हा रसायनांचा कारखाना उभारला. एक ब्राह्मण, एक पाटीदार. कारागिरांसाठीं उघडलेल्या दारांतून नांवलौकिकाला चढले ते असे लेखणीच्या आणि शेतीच्या घरचे लोक. मीं स्वतः तीसएक वर्षें मास्तरकी केली. अपूर्णांक न सुटणारा सुताराचा मुलगा मोडक्या बाकाचा पाय अर्ध्या तासांत बसवून देई, आणि निकालपत्रकांत त्याची नोंद करावयास रकाना नसे. त्यामुळें कलाभवनांत तो मुलगा कमी दिसतो याचें मला नवल वाटत नाहीं. वाईट मात्र वाटतें.

गज्जरांनीं १८९६ सालीं बडोदें सोडलें. त्याच वर्षीं मुंबईंत राणीच्या संगमरवरी पुतळ्यास कोणीं डांबर फांसलें. तो डाग कोणासच निघेना. पुढें तो गज्जरांनींच काढला, आणि त्यांची कीर्ति झाली ती या कामानें! ज्ञानमंजूषेच्या पुस्तकांची आठवण किती जणांस असेल? त्यांच्यामागें देशी भाषेचा आग्रह हळूहळू ओसरला.

सयाजीराव १९३९ सालीं वारले. १९४९ सालीं संस्थान मुंबई इलाख्यांत विलीन झालें, त्याच वर्षीं महाराजांच्या नांवाचें विद्यापीठ स्थापन झालें, आणि कलाभवन त्याची तंत्रविद्या व अभियांत्रिकी शाखा बनलें. बडोद्याचे जुने लोक त्या आवारास अद्याप कलाभवनच म्हणतात. तेथें आज पदवी मिळते, आणि शिकवणें चालतें तें इंग्रजींत.